रिसीव्हरमध्ये पैसे कशाचे मोजायचे? ११ बाय १७ च्या हॉलसाठी जरा लांबलेलं उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. कोलशेत रोडला नवा टू बीएचके, ताबा मिळाला आहे, पीओपीवाला पुढच्या आठवड्यात येतोय. हॉल ११ बाय १७ फूट. स्पीकर, वायर, रिसीव्हर सगळं धरून बजेट ₹२ लाख. दुकानात तीन रिसीव्हर (टीव्ही, प्लेस्टेशनचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारी पेटी; चॅनेल म्हणजे एकेका स्पीकरची वाट) दाखवले: ₹५०,००० चा पाच चॅनेलचा, ₹८५,००० चा सात चॅनेलचा आणि ₹१,३५,००० चा नऊ चॅनेलचा. दुकानदार तिसऱ्यावर हात ठेवून म्हणतोय, "साहेब, एकदाच घ्यायचाय ना, मग मोठाच घ्या." घरात आईवडील आहेत, संध्याकाळी मालिका असतात, मुलाचा प्लेस्टेशन ५ आहे, सिनेमा शनिवार-रविवारी. आणि प्रश्न हा की यादीतल्या चाळीस फीचर्सपैकी कशाकशाचे पैसे द्यायचे.

मी २००३ पासून ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी हेच बसवतोय. सुरुवातीची सहा वर्षं नौपाड्यात एका दुकानात नोकरी केली, म्हणजे "मोठाच घ्या" हे वाक्य मीही बऱ्याच जणांना ऐकवलं आहे. त्याची थोडी परतफेड म्हणून हे सविस्तर लिहितो.

तुमचा प्रश्न रिसीव्हरचा वाटतो, पण अर्ध्याहून जास्त तो हॉलचा आहे. सोफा कुठे, छत कसं, टीव्ही किती जुना, शेजाऱ्याची सामायिक भिंत कुठली, हे कळल्याशिवाय नऊ चॅनेल बरे की सात, याला उत्तर नाही. तुम्ही सोफा मागच्या भिंतीला लागून आहे असं लिहिलंय, ते बरं केलंत. टीव्हीचं मॉडेल लिहिलेलं नाही, त्यामुळे काही ठिकाणी मला "असेल तर" म्हणावं लागेल.

गिऱ्हाइकाबरोबर यादी वाचताना मी प्रत्येक ओळीला एकच गोष्ट विचारतो: हे काम घरात दुसऱ्या कशाने होतंय का? टीव्ही करतोय, फोन करतोय, पुढे दोन-तीन हजारांची डबी लावून होणार आहे, तर त्याचे पैसे रिसीव्हरमध्ये भरायचे नाहीत. जिथे अशी आडवाट नाही तिथे मात्र हात आखडता घ्यायचा नाही. पुढचं सगळं याच एका कसोटीवर आहे.

आधी वॅट, कारण तुमच्या यादीत त्याच्यावर तीन वेळा गोल केलेला दिसतोय. खोक्यावर "१५० वॅट प्रति चॅनेल" असं ठळक असतं. त्याखाली मुंगीच्या अक्षरात असतं: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एकच चॅनेल चालू. म्हणजे एकाच सुरावर, आवाज फाटेपर्यंत ताणून, बाकीचे चॅनेल गप्प बसवून काढलेला आकडा. तोच रिसीव्हर ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, ०.०८ टक्क्याच्या आसपास डिस्टॉर्शन धरून, दोन चॅनेल चालू ठेवून मोजला की ७५-८० वॅटवर येतो. पाच चॅनेल एकदम चालवले तर आणखी खाली. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, दोन्ही आकडे छापलेले असतात. फक्त तुलना करताना एका रिसीव्हरचा ठळक आकडा आणि दुसऱ्याचा बारीक आकडा शेजारी ठेवू नका. दुकानातल्या तक्त्यावर हे सर्रास होतं.

आता तुम्हाला किती लागतात ते बघू. साधारण बुकशेल्फ स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास देतो. तुमचा सोफा ९-१० फुटांवर, तिथे पोचेपर्यंत त्यातले ७-८ डेसिबल जातात, म्हणजे १ वॅटला कानाशी ८० च्या जवळपास. वॅट दहापट केले की १० डेसिबल वाढतात, म्हणून १० वॅटला ९०. सिनेमागृहाचं प्रमाण धरलं तर एका चॅनेलचा सर्वांत मोठा क्षण १०५ डेसिबलपर्यंत जातो, पण फ्लॅटमध्ये त्या पातळीवर कोणी ऐकत नाही. माझे बहुतेक गिऱ्हाईक त्याच्या १५ ते २० डेसिबल खाली ऐकतात, आणि सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप जागा असेल तर त्याहूनही खाली. म्हणजे धडाक्याच्या क्षणालाही तुम्हाला १०-१५ वॅट पुरतात. ८० वॅटचा आणि १०० वॅटचा रिसीव्हर यांत फरक १ डेसिबलचा, आणि तो कान लावून बसलात तरी पटकन कळणार नाही. येऊरच्या बंगल्यात २० बाय ३० चा हॉल असता, किंवा तुम्ही ४ ओहमचे, ८२-८३ डेसिबलवाले अवघड स्पीकर घेणार असता, तर मी वेगळं बोललो असतो. तुमच्या हॉलला तिन्ही रिसीव्हर पुरून उरतात. वॅटसाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका.

रूम करेक्शनवर मात्र मी थांबणार आहे. माझ्या मते पैसे मोजावेत असं रिसीव्हरमध्ये जे थोडंफार आहे, त्यात हे पहिलं.

तुमच्या हॉलची लांबी १७ फूट, रुंदी ११, स्लॅबची उंची साडेनऊच्या आसपास धरू. अशा बंद खोलीत ३३, ५१ आणि ५९ हर्ट्झच्या जवळपासचे सूर भिंतींमध्ये अडकून फुगतात. एक बाजू डायनिंगला उघडी असेल तर हे आकडे सरकतात, पण फुगवटे कुठेतरी येतातच. म्हणजे ढोलाचा एक ठोका नेमका, आणि पुढचा असा घुमतो की शोकेसची काच थरथरते. त्यात आपल्या हॉलमध्ये खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच, भिंती गुळगुळीत. मग पात्रं तोंडात गुळणी धरून बोलताहेत असं वाटतं. हा दोष स्पीकरचा नाही, की रिसीव्हरचाही नाही. पण रिसीव्हर त्यातला काही भाग सावरू शकतो: माइक लावून खोली मोजतो, प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी जुळवतो, आणि फुगलेले सूर खाली दाबतो.

इथे एक मेख आहे. "रूम करेक्शन आहे" असं तिन्ही खोक्यांवर लिहिलेलं असेल, पण त्याच्या प्रती वेगवेगळ्या असतात. डेनॉन आणि मरँट्झमध्ये ऑडिसीच्या तीन पायऱ्या येतात: नुसतं मल्टिइक्यू, मग एक्सटी, मग एक्सटी ३२. शेवटची पायरी बरीच बारीक काम करते आणि फरक मुख्यतः खालच्या सुरांत, म्हणजे जिथे दुखतंय तिथेच, कळतो. यामाहाच्या वायपीएओमध्ये खालच्या मॉडेलला एकाच जागेवरून माप घेतात, वरच्यांत अनेक जागांवरून. डिरॅक लाइव्ह मला सगळ्यांत आवडतं, पण ते काही रिसीव्हरमध्ये आतच येतं आणि काहींमध्ये लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं. तेव्हा दुकानात "रूम करेक्शन आहे का" विचारू नका. "कुठली पायरी, किती जागांवरून माप, आणि लायसन्सचे वेगळे पैसे आहेत का" असं विचारा. ₹५०,००० आणि ₹८५,००० मधला फरक या एका उत्तरावर ठरतो.

आणि घेतलंत तर नीट वापरा. निम्म्या घरांत मी गेलो की माइक पाकिटातच असतो. पंखा, एसी बंद करा, फ्रिजही थोडा वेळ बंद करा, कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या. माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीला लावा. पहिलं माप तुम्ही बसता त्याच जागेवर घ्या, कारण अंतर आणि पातळी त्यावरून ठरते. बाकीची त्याच्या दीड-दोन फुटांच्या आत. झाल्यावर रिसीव्हरने पुढचे स्पीकर "लार्ज" ठरवले असतील तर "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे सूर सबवूफरकडे (जाड सुरांच्या वेगळ्या स्पीकरकडे, थोडक्यात सब) जातात ती सीमा, ८० हर्ट्झला ठेवा. सबवूफरचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवलं तर ते "दुरुस्त" करायला जाऊ नका. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला जो उशीर होतो, तो रिसीव्हर अंतरात धरतो. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं हे इमानेइतबारे टेप लावून बिघडवत होतो.

करेक्शनने सगळं सुटत नाही, हेही सांगतो. फुगलेला सूर दाबता येतो, पण जिथे सूर आपोआप कटून खड्डा पडलाय तिथे कितीही जोर लावला तरी तो भरत नाही. तिथे सबवूफर दोन फूट सरकवणं हाच उपाय. मागे माजिवड्याला एक गृहस्थ "संवाद ऐकू येत नाहीत, रिसीव्हर बदलायचाय" म्हणून बोलावून बसले. सेंटर, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर, सुताराने टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलून ठेवला होता, वर गणपतीची फ्रेम. खणच घुमत होता. स्पीकर कडेपर्यंत पुढे ओढला, खाली रबराचे दोन तुकडे घालून तोंड किंचित वर केलं आणि मापं परत घेतली. चहा पिऊन निघालो. नवा रिसीव्हर अर्थातच विकला गेला नाही.

आता चॅनेल. नऊ चॅनेलचा रिसीव्हर म्हणजे ५.१.४ : खाली पाच, छतात चार, एक सब. किंवा खाली सात आणि छतात दोन. तुमचा सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला आहे, त्यामुळे मागचे दोन स्पीकर डोक्यामागे जाणार कुठे? भिंतीत? आणि छतातली मागची जोडी सोफ्याच्या मागे जायला जागाच नाही, ती बरोबर टाळूवर येते. म्हणजे पुढची आणि मागची जोडी असा जो फरक कळायला हवा तो कळत नाही. सोफा तीन-चार फूट पुढे घेता आला असता तर गोष्ट वेगळी, पण ११ बाय १७ मध्ये डायनिंग टेबल, चपलांचं कपाट, वडिलांची आरामखुर्ची हे सगळं बसवायचं म्हटल्यावर तो पुढे येणार नाही. तेव्हा नववा आणि आठवा चॅनेल तुमच्याकडे कायम बिनकामाचे राहणार. नवव्या चॅनेलला आडवाट शोधण्याची गरजच नाही, तिकडे जायचंच नाहीये.

सात चॅनेल मात्र उपयोगी: ५.१.२ साठी. डॉल्बी अॅटमॉस, म्हणजे वरूनही आवाज देणारी पद्धत, घरगुती रिसीव्हरमध्ये २०१४ पासून आलं, आणि आता ओटीटीवर त्यातलं भरपूर असतं. पाऊस, हेलिकॉप्टर, देवळातली घंटा असले आवाज वरून आले की मजा येते, नाकारत नाही. पण क्रम लक्षात ठेवा: चांगला सेंटर आणि चांगला सब यांच्या आधी छताचे स्पीकर घेऊ नका.

छताकडे तोंड करून आवाज उसळवणारे स्पीकर मिळतात, दुकानदार "फोडाफोडी नको" म्हणून तेच सुचवेल. ते सपाट, टणक छतावर चालतात, उंची साडेसात ते बारा फूट असली तर. तुमचा पीओपीवाला जर कडेने कोव्ह काढून आत एलईडी पट्टी टाकणार असेल, तर पुढच्या भिंतीजवळून उसळणारा आवाज त्या खाचेत जाऊन विस्कटू शकतो. तुमचं पीओपी अजून व्हायचंय. त्यामुळे छतातच बसवा, बसण्याच्या जागेच्या किंचित पुढे, डावीकडे-उजवीकडे एक एक. पीओपीच्या वरची पोकळी किमान सहा इंच ठेवायला सांगा आणि स्पीकरभोवती पीओपीच्या पत्र्याच्या पट्ट्यांचा आधार द्यायला लावा, नुसत्या बोर्डावर वजन टांगू नका. वरच्या मजल्यावर थोडा आवाज जाईल, स्पीकरच्या मागे बंद डबा असेल तर कमी जाईल.

तुमच्या पुढच्या आठवड्याला रिसीव्हर ठरवला नाही तरी चालेल, पण पाइप ठरवलेच पाहिजेत. टीव्ही युनिटपासून छताच्या दोन जागा, सोफ्याच्या दोन्ही बाजूंच्या सराउंडच्या (बाजूने आवाज देणाऱ्या स्पीकरच्या) जागा, आणि सबसाठी हॉलच्या दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत, अशी पाइपिंग आत्ता टाका. युनिटपासून टीव्हीच्या मागे जाणारा पाइप दीड-दोन इंची, नाहीतर एचडीएमआयचं तोंड आत शिरत नाही आणि मग पांढऱ्या पट्टीखाली वायर लपवत बसावी लागते. स्पीकरची वायर शुद्ध तांब्याची, या अंतराला १६ गेज भरपूर, मन नाही मानलं तर १४. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त असते आणि टोक खरवडल्याशिवाय ओळखू येत नाही. खरवडून बघा, पांढरी निघाली तर परत करा. विजेच्या वायरच्याच पाइपातून स्पीकरची वायर ओढायला इलेक्ट्रिशियन तयार असतो, त्याला तसं करू देऊ नका.

एचडीएमआय. "८के, एचडीएमआय २.१, ४० गिगाबिट" हे तिसऱ्या रिसीव्हरचं मोठं आकर्षण आहे, आणि मुलाच्या प्लेस्टेशनसाठी ते हवंच असं तुम्हाला सांगितलं गेलंय. ४के १२० हर्ट्झला एचडीएमआय २.१ लागतं, हे खरं. पण प्लेस्टेशन थेट टीव्हीला लावा आणि आवाज टीव्हीकडून ई-आर्कने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच उलटा रिसीव्हरकडे नेणारी सोय) रिसीव्हरकडे आणा. चित्र रिसीव्हरमधून जातच नाही, मग त्याचा वेग कोण विचारतो? टीव्हीला ते इनपुट आणि ई-आर्क मात्र हवं. २०२० च्या सुमारास बाजारात आलेल्या कित्येक रिसीव्हरमध्ये या २.१ च्या चिपचाच घोळ होता, ४के १२० वर स्क्रीन काळी व्हायची. तेव्हा थेट टीव्हीला लावणारे निवांत होते.

आर्क आणि ई-आर्क यांतला फरक इथे समजून घ्या, कारण यावर टीव्हीचं मॉडेल विचारतोय. साधं आर्क २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आलं. त्यातून स्टीरिओ आणि दाबलेला ५.१ जातो, आणि ओटीटी अॅप्स ज्या डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये अॅटमॉस पाठवतात तेही जाऊ शकतं, टीव्हीने पुढे पाठवायचं मनावर घेतलं तर. ई-आर्क एचडीएमआय २.१ बरोबर, २०१७ मध्ये आलं. त्यातून ब्लू-रेवरचं, काही न गमावता दाबलेलं डॉल्बी ट्रूएचडी आणि गेमिंग कन्सोलचा अनेक चॅनेलचा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाजही जातो, आणि ओठ-आवाज जुळवण्याची सोय त्यात सक्तीची आहे. आज तिन्ही रिसीव्हरमध्ये ई-आर्क असेलच, एकदा खात्री करा. प्रश्न टीव्हीचा. तुमचा टीव्ही पाच-सहा वर्षांहून जुना असेल आणि त्यात फक्त आर्क असेल, तर प्लेस्टेशन रिसीव्हरमधून नेणं भाग, आणि मग रिसीव्हरचे इनपुट महत्त्वाचे होतात. पण असा जुना टीव्ही १२० हर्ट्झचा असण्याची शक्यता कमीच, म्हणून तिथेही ८के चे पैसे वायाच. काही टीव्ही डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार) आवाज पुढे पाठवतच नाहीत, तुमच्याकडे पेनड्राइव्हवरचे सिनेमे फार असतील तर हे दुकानातच तपासा.

आता आईवडील. याबद्दल यादीत एकही ओळ नसते, आणि माझे सर्वांत जास्त फुकटचे फेरे याच कारणाने झाले आहेत. खारघरला एका घरी नऊ चॅनेलचा रिसीव्हर बसवला, सगळं दणक्यात. दोन वर्षांनी गेलो तर टीव्हीचे स्वतःचे स्पीकर चालू, रिसीव्हरवर धूळ. आजींना तीन रिमोट जमत नव्हते, आणि मुलगा ऑफिसमधून रात्री नऊला यायचा. तेव्हा हे बघा: टीव्हीचा रिमोट दाबला की रिसीव्हर आपोआप चालू होतो का, आवाज त्याच रिमोटने कमी-जास्त होतो का, आणि सेट-टॉप बॉक्स सुरू केल्यावर इनपुट आपण होऊन बदलतं का. याला सीईसी म्हणतात, सगळ्यांत असतं, पण तुमच्या टीव्हीच्या कंपनीशी त्याचं जमतं का हे लावल्याशिवाय कळत नाही. पसंत न पडल्यास बदलून देईन, असं दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. दुसरं म्हणजे संवादाची पातळी वेगळी वाढवायची सोय आणि रात्रीचा मोड, जो धमाका दाबतो आणि कुजबुज वर आणतो. ऑडिसीमध्ये त्याला डायनॅमिक व्हॉल्यूम म्हणतात, यामाहात वेगळं नाव. रात्री १० ते सकाळी ६ हा कायद्याने शांततेचा काळ, रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. पहिली तक्रार धमाक्यावरूनच येते. हे फीचर तुम्ही रोज वापराल, छतातले स्पीकर आठवड्यातून एकदा. आणि ते स्वस्तातल्या रिसीव्हरमध्येही असतं, ही आनंदाची बातमी.

बाकीचं भराभर. चित्र ४के मध्ये अपस्केल करणं: टीव्ही ते करतोच, बंद ठेवा. झोन टू: टू बीएचकेमध्ये बेडरूमला हॉलच्या रिसीव्हरवरून गाणी न्यायची गरज पडलेला माणूस मला भेटलेला नाही, दोन हजारांचा ब्लूटूथ स्पीकर बस. फोनो इनपुट: रेकॉर्ड प्लेयर आला तर बाहेरून छोटी फोनो डबी लावता येते. बाय-अँपिंग (एका स्पीकरला दोन चॅनेल जोडणं): एकाच पॉवर सप्लायवर दोन वायरी ओढून काही साधत नाही. चॅनेलच्या आकड्यापुढे ".२" (जसं ७.२) लिहिलेलं असेल तर भुलू नका, स्वस्तातल्या रिसीव्हरमध्ये सबची दोन भोकं एकाच सिग्नलची असतात, ते काम शंभर-दोनशे रुपयांच्या वाय केबलनेही होतं. दोन सब वेगवेगळे जुळवता येत असतील तर किंमत आहे, पण तुमचा पहिलाच सब यायचाय. स्टिकर आणि प्रमाणपत्रं: खोक्याला शोभतात.

एका गोष्टीबद्दल माझं मत दोनदा बदललंय, ते म्हणजे प्री-आउट, बाहेरच्या अँप्लिफायरला आवाज देणारी मागची भोकं. आधी सांगायचो, बाहेरचा अँप्लिफायर लावणार नसाल तर नको. आता म्हणतो, किमान पुढच्या दोन-तीन चॅनेलचे असतील तर बरं. कारण वॉरंटी संपल्यावर अँपचा एखादा चॅनेल गेला आणि बोर्ड मिळेना, तर प्री-आउटवरून साध्या स्टीरिओ अँपवर गाडी चालू राहते. नेरुळला एकांचा रिसीव्हर गेली चार वर्षं असाच चालतोय.

नेरुळवरून आठवलं, उष्णता आणि हवा. रिसीव्हर चांगलाच तापतो. सुतार टीव्ही युनिटचा खण १२-१४ इंच खोल करतो आणि पुढे काचेचं दार लावतो. रिसीव्हर साधारण १७ इंच रुंद, मागच्या वायरी धरून १८ इंच खोली लागते. वर किमान चार इंच मोकळे ठेवा, मागची फळी कापून काढा, दार असेलच तर जाळीचं करा. पावसाळ्यात खाडीच्या बाजूला दमट हवेने टर्मिनल काळे पडतात, आठवड्यातून दोनदा तरी चालू करा. मागच्या झडपांवर बारीक जाळी बसवून घ्या, हवा खेळेल इतकी मोकळी. पाल आत शिरते, ती स्वतःही मरते आणि बोर्डही घेऊन जाते. हे मी वर्षाला दोन-तीनदा उघडून बघतो. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढता ते ठीक, पण गच्चीवरच्या छत्रीची किंवा केबलची वायरही सेट-टॉप बॉक्समधून काढा. माझ्याकडे येणारे एचडीएमआयचे जळके बोर्ड बहुतेक त्याच वाटेने गेलेले असतात. आणि अर्थिंग तपासून घ्या, नव्या इमारतीतही.

अमेरिकेतल्या भावाकडून किंवा लॅमिंग्टन रोडवरून बिनबिलाचा स्वस्तात मिळतोय, हा विषय तुमच्याही डोक्यात येईलच. तिकडचा माल १२० व्होल्टचा असतो. एका घरी मी पोचायच्या आदल्या रात्री उत्साहाने थेट २३० च्या सॉकेटला लावलेला होता. सकाळी मी फक्त वास घेतला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण वॉरंटी इथे नाही. मागच्या वर्षीचं मॉडेल मात्र बिलासकट, इथल्या वॉरंटीसह मिळालं तर डोळे मिटून घ्या. नवं मॉडेल आलं की किंमत उतरते आणि रूम करेक्शन तेच असतं.

तर माझं म्हणणं: ₹१,३५,००० चा सोडा. ₹८५,००० च्या रिसीव्हरमध्ये करेक्शन वरच्या पायरीचं असेल तर तो घ्या, आणि उरलेले असे लावा: सबला ₹३५,०००, पुढची जोडी आणि सेंटर मिळून ₹४५,०००, सराउंडना ₹१५,०००, छतातल्या जोडीला ₹१०,०००, वायर-पाइप-स्टँडला ₹१०,०००. करेक्शन दोघांत सारखंच खालच्या पायरीचं निघालं, तर ₹५०,००० चा घ्या, छतात फक्त पाइप टाकून ठेवा, आणि वाचलेले ₹४५,००० सब व सेंटरमध्ये घाला. दुसरा पर्याय कानाला पहिल्यापेक्षा फार मागे असेल असं मला वाटत नाही. मुलगा मात्र हेलिकॉप्टरबद्दल कुरकुरेल.

सब शेजाऱ्याच्या बेडरूमच्या भिंतीला लावू नका. खाली जाड रबरी मॅट टाकली तर लादीतून जाणारी थरथर कमी होते, भिंतीतून जाणारा बास तिने थांबत नाही.

पीओपीवाला येण्याआधी तीन गोष्टी पाठवा: टीव्हीच्या मागच्या लेबलचा फोटो, सुताराने काढलेला युनिटचा आराखडा मापांसकट, आणि हॉलच्या चारही भिंतींचे दुपारच्या उजेडातले फोटो. पाइपच्या जागा त्यावर खुणा करून परत पाठवतो. रिसीव्हर दिवाळीला घेतलात तरी चालेल.